मोराने केलेली वेबसाईट

फार फार वर्षांपूर्वी, म्हणजे जंगलात नेटवर्क नुकतंच पोचलं होतं तेव्हा, अस्वलवैद्यांनी मोराकडून वेबसाईट करून घेतली. नंबर तिथेच लावायचा, दारात गर्दी नको.

एके सकाळी चिचुंद्रीचं पिल्लू तापाने फणफणलं. तिला दिसत नसे, म्हणून मोबाईल तिला सगळं वाचून दाखवी. तिने वेबसाईट उघडली. मोबाईल म्हणाला, "चित्र. चित्र. बटण. चित्र. बटण." तिने भीत भीत एक बटण दाबलं, तर मोराच्या नाचाचं गाणं सुरू झालं! बिचारी केवढ्याने दचकली.

पिल्लाला घेऊन ती मोराकडे गेली. "मोरभाऊ, नंबर लावायचं बटण कुठलं हो?"

"अगं, ते सोनेरी पीस! दिसतंच की."

"तुमच्या पिसाऱ्यावर शंभर डोळे, तुम्हाला दिसणारच. जरा तोंडावरचे दोन मिटा आणि तुम्हीच लावून दाखवा. पोर तापलंय माझं."

मोराने ऐटीत डोळे मिटले. तीनदा बटण दाबलं, तीनदा त्याचंच गाणं वाजलं. मग मात्र तो मान खाली घालून बसला आणि एकेका बटणाला नाव देत गेला. "वैद्यांकडे नंबर लावा," मोबाईल स्पष्ट बोलला.

वैद्यांनी पिल्लाला काढा पाजला, ताप उतरू लागला. मग ते मोराला म्हणाले, "बरं केलंस बाबा. आठ दिवस एकही रोगी येईना, म्हणून मीच नंबर लावून बघत होतो. दर वेळी आपला तुझा नाच!"