गुळव्याची बोटं आणि रजेवर गेलेले जासूद

एका गावात एक गुळव्या राहत होता. गुळव्या म्हणजे गुऱ्हाळात उसाच्या रसाचा गूळ करणारा कारागीर. आणि हा तर असा कारागीर, की आजूबाजूच्या गावांतली पोरं गुळाचा खडा तोंडात टाकताच ओळखत, "हा त्यांचाच!"

त्याची सगळी करामत उजव्या हाताच्या बोटांत होती. काहिलीत, म्हणजे मोठ्या पसरट कढईत, रस रटरटू लागला की तो बोटं गार पाण्यात बुडवायचा, उकळत्या पाकातून चट्कन एवढासा पाक उचलायचा, पुन्हा पाण्यात धरायचा आणि त्याची गोळी वळायचा. गोळी मऊ लागली तर थांबा. चिकट लागली तर अजून थोडं थांबा. आणि बोटांना हवी तशी लागली की तो ओरडायचा, "उतरवा!" मग गडी काहील उतरवायला धावायचे. क्षणभर इकडेतिकडे झालं तर गूळ बिघडलाच म्हणून समजा.

पण एक गोष्ट त्याला भारी सलायची. पाक उचलताना बोटाला चटका बसायचा, हात आपोआप मागे उडायचा आणि तोंडातून "हाय!" निघायचं. गडी फिदीफिदी हसायचे. इतका नावाजलेला माणूस, आणि रोज हाय हाय!

अशात एके दिवशी दवंडी पिटली गेली. राजाला मुलगी झाली! बारशाचा गूळ याच गुऱ्हाळात होणार, आणि तो कसा होतो हे बघायला खुद्द राजा येणार! गावात एकच धांदल उडाली. चुलवाण सारवलं, काहील घासूनपुसून लख्ख केली, बायकांनी वाटेवर रांगोळ्या घातल्या. गुळव्याला तर आभाळ ठेंगणं झालं. पण हात डोळ्यांसमोर आला आणि त्याचं तोंड उतरलं. राजासमोरच हा उडाला तर?

तो पाटाच्या कडेला जाऊन बसला आणि आपल्याच बोटांवर खेकसला, "एवढासा चटका बसला तर गप्प बसता येत नाही? कशाला बोंब मारता रे?"

"आमचं कामच ते आहे, मालक," बोटाच्या टोकातून बारीक आवाज आला. (गोष्टीतल्या बोटांना बोलता येतं. तुमची गप्प असतील तर त्याला माझा इलाज नाही.)

"तू कोण?"

"मी जासूद. तुमच्या कातडीखाली आमची मोठी जमात राहते. बोटापासून दंडातून थेट पाठीच्या कण्यापर्यंत आमची वाट आहे. चटका बसला की आम्ही धूम पळत कण्यावरच्या चौकीत वर्दी देतो. तिथला चौकीदार लगेच दुसऱ्या जासुदांना खाली पिटाळतो, 'हात मागे घ्या!' आणि हात मागे येतो."

"आणि मला कोण विचारतं?"

"तुम्ही वर डोक्यात बसता ना? तुमच्यापर्यंत वर्दी पोचते, पण जरा मागाहून. तुमच्या परवानगीची वाट बघत बसलो तर बोट भाजून निघेल!"

झालं! गुळव्याचा पारा चढला. "माझा हात, आणि मला न विचारता हुकूम सोडणारा तो चौकीदार कोण टिकोजीराव? राजेसाहेब येऊन जाईपर्यंत तुम्ही सगळे रजेवर जा!"

जासूद गयावया करू लागला. "मालक, नुसता चटका नाही हो जाणार. मऊ, कडक, गार, ओलं, सगळ्या बातम्या नेणारे आम्ही एकाच जुडग्यात राहतो. हुकूम खाली आणणारे इथेच राहतील, म्हणून हात हलेल. पण हाताला काय लागलं, हे सांगायला कोणी नसेल."

"हात हलला की पुरे. चालते व्हा!"

जासूद बिचारे गुमान निघून गेले. गुळव्याने बोटाला चिमटा काढून पाहिला. काहीच नाही! दगडावर आपटून पाहिलं. तरी काही नाही! तो आनंदाने उड्या मारतच घरी गेला.

राजा आला. ताशे वाजले, माणसं झाडांवर चढून बसली. गुळव्याच्या काळजाची धडधड सुरू झाली आणि कपाळावर घाम फुटला. हे करायला मात्र त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. छातीतले आणि घामाचे जासूद वेगळे, ते कोणाच्या बापाला विचारत नाहीत.

पाक रटरटू लागला. गुळव्याने बोटं गार पाण्यात बुडवायचं सोडलं आणि कोरडीच पाकात घातली. हात उडाला नाही! हाय नाही की हुय नाही! "वा रे पठ्ठ्या!" लोक ओरडले. त्याला असा चेव आला की त्याने पुन्हा बोटं घातली, आणि तिसऱ्यांदा तर राजाकडे हसून बघत बघत घातली.

मग त्याने पाण्यात गोळी वळायला घेतली, आणि त्याचं हसू मावळलं.

गोळी बोटांत आहे की नाही, हेच त्याला कळेना. डोळ्यांनी बघावं तेव्हा दिसे, आहे. मऊ की कडक? चिकट की कोरडी? बोटं मुकी झाली होती. काहील उकळत होती, गडी त्याच्या तोंडाकडे बघत होते, राजा बघत होता. त्याने डोळे मिटले आणि अंदाजाने ओरडला, "उतरवा!"

पाक ओतला, साच्यांत भरला. थोड्या वेळाने पहिला साचा उपडा केला. ढेप कुठली? काकवी भळाभळा राजाच्या जोड्यांपर्यंत वाहत आली.

राजा म्हणाला, "गुळवे, बारशाला आम्ही गूळ वाटायचा की पाजायचा?" आणि घोड्यावर बसून दुसऱ्या गावच्या गुऱ्हाळाकडे निघून गेला.

गुळव्या मान खाली घालून उभा राहिला. तेवढ्यात बायकोची किंकाळी त्याच्या कानावर आली. "अहो, हात बघा तुमचा!" तिने त्याचा हात आपल्या हातांत घेतला होता, कधी घेतला ते त्याला कळलंच नव्हतं. बोटं सोलवटून निघाली होती. तिचे अश्रू त्यांच्यावर टपटप पडत होते आणि त्याला ते नुसते दिसत होते. तेव्हा मात्र त्याला रडू कोसळलं.

जखमा भरल्या, पण बोटं मुकीच राहिली. काटा रुतला तरी पत्ता नसायचा. रोज संध्याकाळी बायको दारात बसून त्याचा हात उलटसुलट करून तपासायची. "जासूददादा, या हो परत," तो विनवायचा.

एकदा मनगटापासून क्षीण आवाज आला. "येतोय मालक. पण पुढची वाट पार जळून गेलीये. नवी बांधत बांधत यायचं, दिवसाला फार तर मोहरीच्या दाण्याएवढी पुढे सरकते. धीर धरा."

त्याने धीर धरला. दुसरा काही इलाजच नव्हता. महिने गेले. तळहाताला मुंग्या येऊ लागल्या, आणि तो त्या मुंग्यांची पाहुण्यासारखी वाट बघू लागला.

पुन्हा ऊस तोडणीला आला. एका सकाळी गुळव्या उसाची मोळी उचलायला वाकला आणि एका मुंगळ्याने त्याच्या बोटाच्या टोकाला कडकडून चावा घेतला.

"आई गं!" हात झटक्यात मागे उडाला.

गुळव्याने मोळी तिथेच सोडली आणि तो बांधावरून नाचत सुटला. "चावला! मला मुंगळा चावला! दुखलं हो, दुखलं!" गड्यांना वाटलं, गुळव्याला वेड लागलं. बायको धावत आली आणि तिने त्याचा हात धरला. तिचा तळवा उबदार होता, उसाच्या पात्यांनी कापून खरखरीत झाला होता. हे त्याला बघावं लागलं नाही, बोटांनीच सांगितलं. "किती गं कापलंय तुला," तो म्हणाला, आणि ती हसता हसता रडू लागली.

त्या दिवशी त्याने बोटं नीट गार पाण्यात बुडवली आणि पाक उचलला. "हाय!" हात उडाला. गडी हसले आणि सगळ्यांत मोठ्याने हसला गुळव्या. मग त्याने गोळी वळली, बोटांचं म्हणणं मन लावून ऐकलं आणि ओरडला, "उतरवा!"

ती ढेप राजकन्येच्या पहिल्या वाढदिवसाला वाड्यावर गेली. पहिला खडा मात्र गुळव्याने त्या उसाच्या बांधावर मुंगळ्यांसाठी ठेवला होता.

तात्पर्य: कुठे दुखतंय हे वेळेवर सांगणाऱ्याचं तोंड बंद करू नये. गोड झाल्याची बातमीही त्याच वाटेने येते.