राजाला धरून ठेवणारं मेज

एका राज्यात, जिथे समुद्र रोज सकाळी राजवाड्याच्या पायऱ्या धुऊन जाई, तिथे अरिंदम नावाचा राजा राज्य करीत होता. राजा शूर होता, न्यायी होता, पण त्याला उंचीचं भारी वेड. सिंहासन उंच, पलंग उंच, जेवायला बसायचा तोही ओट्यावर. तो जेवत असता सारा दरबार हात बांधून खाली उभा राही. राजाला त्यात काही वावगं वाटत नसे, आणि ज्यांना वाटे ते बोलत नसत.

एके दिवशी उगवतीच्या जपान बेटांवरून एक गलबत आलं. तिथल्या एका सरदारानं मैत्रीखातर भेट धाडली होती. भेट म्हणजे एक बुटकं मेज, गुडघ्याहूनही कमी उंचीचं. त्याला सांधा नव्हता, खिळा नव्हता. एका अखंड खोडातून ते कोरलेलं होतं आणि इतकं जुनं होतं, की लाकडाचा रंग चिंचेसारखा झाला होता. दूत ते कशासाठी असतं हे सांगू लागला. पण राजपुरोहितांनी त्याला मध्येच थांबवलं. म्हणाले, "आम्हांला चौरंग ओळखता येतो." विद्वान माणसांना असा आत्मविश्वास शोभूनच दिसतो.

मग व्हायचं तेच झालं. राजाच्या वाढदिवशी त्या मेजाभोवती रांगोळी काढली, त्यावर रेशमी वस्त्र अंथरलं आणि राजाला वर बसवून औक्षण केलं. अक्षता पडल्या, सनई वाजली. राजा उठायला गेला, तो त्याला उठता येईना. त्याच्या पावलांचं लाकूड झालं होतं आणि ते मेजाशी एकजीव झालं होतं.

सुतार आले, त्यांच्या करवतींचे दात गळाले. मांत्रिक आले, त्यांचे मंत्र आटले. लाकूड मात्र रोज थोडं थोडं वर चढत राहिलं. गुडघे झाले, मांड्या झाल्या. पुरोहित तीर्थयात्रेला निघून गेले.

वसुमती ही राजाची एकुलती एक मुलगी. ती बापाच्या पायांवरून हात फिरवी, तेव्हा तिच्या हाताला साल लागे. तिला रडू येई, पण ती रडत बसणाऱ्यांतली नव्हती. एका सकाळी खिडकीत एक करकोचा उतरला आणि माणसाच्या वाणीनं बोलला.

"राजकन्ये, या लाकडाचं झाड माझ्या बेटावरचं. माझ्या पूर्वजांची घरटी त्यावर होती. त्यात एक वृक्षदेवता राहते. तिच्या लाकडावर अन्न वाढायचं असतं, आणि माणसांनी भोवताली जमिनीवर बसायचं असतं. जो वर बसेल तो तिचा झाला."

"सोडवायचं कसं?" वसुमतीनं विचारलं.

"वर बसलेल्यानं स्वतःच्या हातानं याच लाकडावर वाढावं. दारी आलेलं आणि घरातलं कुणी उपाशी राहता कामा नये. लाकूड छातीला लागायच्या आत."

"दारी आलेलं कोण उपाशी आहे?"

"करालबाहू मायावी. तुझ्या बापानं त्याला दरबारात उभं ठेवलं आणि न जेवता परत पाठवलं. तेव्हापासून तो डोंगरात बसून ढग गिळतो आहे. त्याची भूक साध्या तांदळानं भागायची नाही. नागराजाच्या शेतातले तांदूळ आण, समुद्रातल्या राक्षसिणीचं मीठ आण, आणि मग पाहुण्याला आण."

"आणते," वसुमती म्हणाली, आणि करकोच्याच्या पाठीवर बसली.

नागराजाचं शेत पाताळाच्या तोंडाशी होतं. तिथला तांदूळ शिजला की पातेलं कधी रिकामं होत नसे. नागराज फण्यावर सूर्य झेलत बांधावर पहुडला होता.

"तांदूळ फुकट मिळत नाही," तो म्हणाला. "राजांच्या मुली बांधावरून हुकूम सोडतात. तू काय करशील?"

वसुमतीनं लुगडं खोचलं आणि चिखलात उतरली. पहिली रोपं तिनं इतकी वाकडी लावली, की नागराजानं तोंड फिरवलं. पण ती वाकली ती वाकलीच, वावर भरेपर्यंत कंबर सरळ केली नाही. नागराजानं तिची ओटी तांदळानं भरली आणि रोपं वाकडी असली तरी पीक येईल असं सांगून तिला निरोप दिला.

राक्षसीण भर समुद्रात मिठाच्या डोंगरावर बसली होती. तो डोंगर तिच्याच आसवांचा होता.

"मला हसव आणि हवं तेवढं ने," ती म्हणाली. "हसवता आलं नाही, तर इथेच बसून माझ्याबरोबर रड."

वसुमतीला कुठली गंमत यायला? आपल्या घरची फजिती तेवढी तिच्यापाशी होती. तिनं ती सांगितली. दूताला गप्प बसवणारे पुरोहित, जेवणाच्या मेजाभोवतीची रांगोळी, त्यावर मुकुट घालून बसलेले महाराज आणि सनई. सांगताना तिला लाज वाटली, पण तिनं काही लपवलं नाही. राक्षसीण आधी गालातल्या गालात हसली, मग पोट धरून हसली, आणि डोंगराचा एक कडा कोसळून वसुमतीच्या पदरात आला.

करालबाहू गुहेच्या तोंडाशी बसून एक काळा ढग चावीत होता.

"तुझा बाप मरतो आहे आणि तू मला जेवायला बोलावतेस?"

"होय. आणि आपली क्षमाही मागते."

"मी उभ्यानं जेवणार नाही."

"आमच्या घरी यापुढे कुणीच उभ्यानं जेवणार नाही," वसुमती म्हणाली. हे वचन द्यायचा तिला काही अधिकार नव्हता, पण ते तिनं अशा थाटात दिलं, की मायावी ढग टाकून उठला.

ती परतली तेव्हा लाकूड राजाच्या कमरेवर चढलं होतं. भात शिजला, त्यात मीठ पडलं. मेजावर राजाच्या पुढ्यात पाहुण्याचं पान मांडलं. करालबाहू जमिनीवर मांडी घालून बसला. राजानं आयुष्यात कधी कुणाला वाढलं नव्हतं. पहिला घास अर्धा पानात, अर्धा मायाव्याच्या दाढीवर पडला.

करालबाहू जेवू लागला. जेवला, जेवतच राहिला. पातेलं संपत नव्हतं आणि त्याची भूकही संपत नव्हती. लाकूड बरगड्यांच्या खाली येऊन टेकलं.

"तात," वसुमती हळूच म्हणाली, "नुसतं वाढू नका. आग्रह करा."

राजा घुटमळला. आजवर त्यानं हुकूम दिले होते, आग्रह केला नव्हता. मग त्यानं मान वाकवली आणि म्हणाला, "करालबाहू, त्या दिवशी तुम्ही उपाशी गेलात. माझं चुकलं. माझ्यासाठी एवढा एक घास घ्या."

मायाव्यानं तो घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाला, "पुरे. पोट भरलं."

लाकूड सरसर उतरलं. पोट सुटलं, कंबर सुटली, गुडघे सुटले. पण पावलं सुटेनात. सगळे करकोच्याकडे पाहू लागले.

"घरात अजून कुणी उपाशी आहे," करकोचा म्हणाला.

राजानं सेवकांना विचारलं, सैनिकांना विचारलं. सगळे जेवले होते. शेवटी त्याची नजर वसुमतीवर गेली. तिच्या पायांवर चिखल वाळला होता, केसांत मीठ होतं.

"वसुमती, तू जेवलीस?"

"नाही."

"कधीपासून?"

"अन्न रोज खाते, तात. पण आई गेल्यापासून मला जेवायला बस असं कुणी म्हणालं नाही."

राजानं पातेलं पुढे ओढलं. मग त्यानं स्वतः दुसरं पान मांडलं, भात वाढला, मधोमध खळगा करून तूप सोडलं. तूप जरा जास्तच पडलं.

"बस, बाळ," तो म्हणाला. "जेव."

वसुमती बसली आणि जेवली. दुसऱ्यांदा भात मागून घेतला. तिचं पान स्वच्छ झालं, तशी राजाची पावलं मोकळी झाली. तो मेजावरून खाली उतरला, आपल्यासाठीही एक पान घेतलं आणि मुलीच्या शेजारी जमिनीवर बसला. त्याला फार भूक लागली होती.