ठिपकी मुंगी आणि फुग्याचं घर

एक होती मुंगी. तिचं नाव ठिपकी. मोठ्या ताया-दादांच्या कॉलेजात होतं अंगण. अंगणात ठिपकीचं बीळ, बिळात तिची पिल्लं.

ठिपकी गेली साखर आणायला. तुरु तुरु गेली, तुरु तुरु आली. डोक्यावर एक दाणा. बघते तर काय, बिळावर बसलंय पंख्याच्या हवेने फुगलेलं भलंमोठं फुग्याचं घर.

कॉलेजातल्या शर्वरीताईने ते घर बनवायच्या आधी कागदावर काढलं होतं. झाड काढलं, बाक काढले. बीळ काढलंच नाही. आणि दारापुढे उभी केलेली पाटी काय, तर ‘या, सगळे बसा’. सगळे म्हणे.

“घरा घरा, ऊठ ना. बीळ उघडेना, पिल्लं माझी भुकेली.”

घर म्हणालं, “पंखा थांबल्याशिवाय मी उठत नाही.”

ठिपकी गेली पंख्याकडे. तुरु तुरु.

“पंख्या पंख्या, थांब ना. घर उठेना, बीळ उघडेना, पिल्लं माझी भुकेली.”

पंखा म्हणाला, “घर्र घर्र. ताईने बटण दाबल्याशिवाय मी थांबत नाही.”

ठिपकी गेली ताईकडे. तुरु तुरु.

“ताई ताई, दाब ना. पंखा थांबेना, घर उठेना, बीळ उघडेना, पिल्लं माझी भुकेली.”

ताई म्हणाली, “सरांनी सांगितल्याशिवाय मी दाबत नाही.”

ठिपकी गेली सरांकडे. तुरु तुरु.

“सर सर, सांगा ना. ताई दाबेना, पंखा थांबेना, घर उठेना, बीळ उघडेना, पिल्लं माझी भुकेली.”

सर म्हणाले, “पाहुण्यांनी घर बघितल्याशिवाय मी सांगत नाही.”

पाहुणे चहा पीत बसले होते. ठिपकी चढली टेबलावर.

“पाहुणे पाहुणे, बघा ना. सर सांगेनात, ताई दाबेना, पंखा थांबेना, घर उठेना, बीळ उघडेना, पिल्लं माझी भुकेली.”

पाहुणे म्हणाले, “चहा फिका आहे. गोड झाल्याशिवाय मी उठत नाही.”

ठिपकीने डोक्यावरचा दाणा खाली घेतला. पिल्लांचा दाणा होता तो. तिला रडू आलं, रागही आला. पण करते काय बिचारी? टाकला चहात. डुबुक.

पाहुणे चहा प्यायले. भुर्र भुर्र. उठले, घर बघितलं, जांभई दिली आणि गेले.

मग सरांनी सांगितलं. ताईने बटण दाबलं. पंखा थांबला. फुस्स. घर पडलं, ताईने घडी करून उचललं. बीळ उघडलं.

तुरु तुरु तुरु, ठिपकी आत. पिल्लं बिलगली.

“आई, आमची साखर?”

“पाहुण्यांनी प्यायली,” ठिपकी म्हणाली.

बाहेर पाटी तेवढी राहिली होती. या, सगळे बसा. ठिपकीने एकेक पिल्लू तोंडात धरलं, पाटीखालून नेलं आणि लांबच्या भिंतीच्या फटीत ठेवलं. पिल्लं फटीत निजली, गोष्ट इथे थांबली.