तलावानं पाय चाखले नाईत

“बावाजी, खरं सांगा… इतकं साफ पानी तुमी जिंदगीत पाह्यलं का?”

गुनवंतानं विचारलं अन् घाटावर छाती काढून उभा रायला. जसा काही तलाव यानंच खोदला, अन् वरून पाऊसबी यानंच पाडला.

भुरेशा फकिरानं पानी पाह्यलं.

“काई तं बोला!”

“तळ दिसते,” फकीर म्हने.

“दिसतेच! पार मधातला गोटा दिसते. शेवाळ नाई. बायाहिच्या पायाले जळवा नाई. बेडकाहिची रातभर कटकट नाई. तुमचा चेला हावो म्या, उगाच नाई.”

चेला होता खरा. असा चेला, का गुरूनं हात उचलाच्या आंधी हाच लोकाहिले आशीर्वाद देऊन मोकळा. घरी संत्र्याचा मोठा बगीचा, तोंडातबी संत्र्याएवढाच गोडवा. बिया मातर लय.

त्या दिवशी भंडारा होता. भंडाऱ्याचं सारं रांधनं तलावाच्या पान्यात. वरनही त्यातच, भातही त्यातच, अन् पेवालेही तेच. पन रीत अशी, का पयले फकिरानं पान्यात पाय सोडून बसाचं. बारीक मासोळ्या येत, पायाले टोचत. तलावानं फकिराचे पाय चाखले, का मंग मानसाहिनं तलाव चाखाचा. तवरक कोनी गुंडी-घागर बुडवत नसे.

दरसाली फकीर हासून हासून लोळे. “अवं नका वं गुदगुल्या करू, म्हातारा हावो म्या!” असं मासोळ्याहिलेच म्हने. लेकरं ते पाह्यालेच येत.

फकीर पायरीवर बसला. पाय सोडले.

घाटावर बाया गुंड्या घेऊन थांबल्या. चुली पेटल्या होत्या. लाकडं तडतडत होते.

फकीर हासला नाई…

“झोपल्या असतीन मासोळ्या,” गुनवंता म्हने.

“सकाळच्या पारी?”

“थंडी हाय ना.”

“मले तं नाई वाजत.”

गुनवंता हासला. कोनी संग हासलं नाई, मंग तोही थांबला.

“गुनवंता,” फकीर म्हने, “काठावरची ते गोगलगाय आन.”

यानं आनली. फकिरानं तयहातावर उपडी केली. आतून काई निंगालं नाई. नुसती वाटी.

“दुसरी आन.”

दुसरी आनली. तेही रिकामी.

“चतुर दिसते का कुठी? ते पान्यावर फिरते ना, ते?”

गुनवंतानं पाह्यलं. पान्यावर आभाळ होतं. आभाळात आभाळ. मधात कोनीच नाई.

एक बगळा आला. काठावर उतरला, मान वाकडी करून पाह्यलं, अन् चोच न बुडवताच उडाला.

तवा बायाहिनं गुंड्या पुन्हा कंबरेवर घेतल्या. एकीनं लेकराले मांगं ओढलं.

“तुमी सारे भेकाड हा!” गुनवंता वरडला. “घान पानी होतं तवा पेत होते, अन् आता साफ केलं तं तोंड वाकडं! हे पाहा…”

खाली वाकला, ओंजळ भरली अन् गटागटा पेला. मिशा पुसल्या.

“झालं काई? उभा हावो ना म्या?”

“हाव,” फकीर म्हने. “आता तं उभा हास.”

फकिरानं झोळी छातीशी आवळून धरली. या मानसाच्या झोपडीत नाग निंगाला होता तवा त्यानं नागाले दूध नाई, शिव्या घातल्या होत्या. त्या मानसाले असं बसलेलं गावानं कधी पाह्यलं नव्हतं.

“बावाजी, तुमी असे नका बसू. लोक भेतात.”

“म्याही भेतो.”

“कायले?”

फकिरानं बोट वर केलं.

घारी. लय घारी. पन तलावावर एकबी नाई. तलावापासून दूर, गुनवंताच्या बगीच्यावर फिरत होत्या. गोल गोल… खाली खाली…

“तुह्या बगीच्यात कोनाचं लगन हाय रे?”

गुनवंताच्या तोंडचं पानी पळालं.

“उकिरडा हाय तिथं,” तो म्हने. “खत टाकलं.”

“कायचं?”

“…खत म्हंजे खत.”

चुलीवरचे गंज-पातेले रिकामेच तापत होते. तलाव तं असा चूप, का कानात बोट घातल्यावानी वाटे. बेडकाहिची कटकट ज्याले नको होती, त्याले आता तेच आयकू यावं वाटलं असन. एखादं तरी. एक डाव तरी.

तेवढ्यात घाटाच्या त्या टोकाले पान्याचा आवाज झाला.

सुमन होती. गुनवंताची बायको. पोटुशी, आठवा लागलेली. तिले काय माहीत इकडे काय चाललं! उन्हातून चालत आली, घसा कोरडा, नवऱ्याले दुरूनच पेताना पाह्यलं, तं हिनंही ओंजळ भरली. ओंजळ ओठापाशी नेली.

“सुमन!!”

असा वरडला, का झाडावरचे कावळे उडाले.

“पेऊ नको! टाक!”

“काऊन?” सुमन म्हने. ओंजळ तशीच धरून. “तुमी तं पेले.”

“टाक म्हनतो ना!”

“सांगा तं खरं, काऊन?”

गुनवंतानं फकिराकडे पाह्यलं. फकीर पान्याकडे पाहे. बायाहिनं गुनवंताकडे पाह्यलं. सुमनच्या बोटाहितून पानी थेंब थेंब गळे. थोडं अजून हातात होतं.

“मोरचूद टाकलं म्या,” तो म्हने.

“काय?”

“मोरचूद! निळं मोरचूद. संत्र्याच्या बुंध्याले लावतो, ते. पोत्यानं टाकलं. शेवाळ मरावं म्हनून… जळवा मराव्या म्हनून…” आवाज फाटला. “मासोळ्या मराव्या असं नव्हतं म्हनलं म्या. पन सारंच वर आलं. मासोळ्या, झिंगे, बेडकं, सारंच. टोपल्यात भरलं अन् उकिरड्यात गाडलं. भंडाऱ्याले साफ दिसावा म्हनून.”

सुमननं हात उघडला. पानी पायरीवर पडलं. तिनं पदरानं हात पुसला, मंग पुन्हा पुसला, मंग पुसतच रायली.

एक म्हातारी बाई म्हने, “चाला वं, चुली इझवा.”

चुली इझवल्या. गड्याहिनं बैलगाड्या जुंपल्या अन् दुसऱ्या गावच्या विहिरीचं पानी आनाले गेले. ढोराहिले काठावरून हाकललं. ज्यानं त्यानं आपलं लेकरू उचललं. गुनवंताले कोनी शिवी देल्ली नाई. शिवी देल्ली असती तं बरं झालं असतं.

घाटावर दोघंच उरले.

फकिराचे पाय अजून पान्यातच. निळसर पान्यात गोरे गोरे दिसत, मेल्या मानसाचे असतात तसे.

“बावाजी, पाय काढा ना वर…”

“वाट पाहून रायलो.”

“आता कोन येनार?”

फकिरानं पाय अजून खोल सोडले.

गुनवंता पायरीवर बसला. जीभ तोंडात फिरवली. तांब्याचं भांडं चाटल्यावानी चव येत होती. पोटात बारीक कळ उठली… का वाटली… ते त्याले समजेना. पोटावर हात ठेवला. हात काढला. पुन्हा ठेवला.

“बावाजी.”

“हूं.”

“म्या पुरी ओंजळ पेलो.”

“पाह्यलं म्या.”

“मले काई होईन का?”

फकिरानं पयल्यांदा त्याच्याकडे तोंड केलं. छातीपाशी कान आनला, जसा बंद दाराले लावतात तसा. लय वेळ आयकलं…

“मले काय विचारतं बाप्पा? तलावातले तं गेले. तुह्यात जे राहतात, त्याहिले विचार… असन कोनी तं.”