ठकूबाईची चूल

ठकूबाई एकटीच राहायची. मूठभर काटक्यांवर भाकरी भाजायची, कालच्या वरणाला फोडणी द्यायची आणि सुखाने जेवायची. एक दिवस कारभाऱ्याने दवंडी पिटवली, "एकट्या माणसाने चूल पेटवायची नाही, सरपण वाया जातं!" शिपाई चूल मोडायला आले, तशी ठकूबाई तडक दरबारात गेली.

"हुकूम मान्य आहे," ती राजाला म्हणाली. "पण महाराज, आज आपण कोणाबरोबर जेवलात?"

"एकटाच."

"मग मुदपाकखान्यात चुली किती पेटल्या, कारभारी?"

"सात," कारभारी पुटपुटला.

"तर मोडायला सुरुवात कुठून करायची, तेवढं सांगा."

राजाला हसू आवरेना. हुकूम तिथेच रद्द झाला. परतताना ठकूबाईने बांधावरचा तांदुळजा खुडून ओच्यात घेतला. संध्याकाळच्या भाजीची सोय झाली होती.