पोर्टच्या बाटलीतला गाळ

तुळाजीराव सरकारांच्या लेकीची सोयरीक जुळत होती. होणारे व्याही हंबीरराव गोव्याहून पोर्ट दारूची बाटली घेऊन आले. चाळीस वर्षं जुनी, तोंडावर लाखेचा शिक्का. ती प्यायची कशी हे त्यांनाही ठाऊक नव्हतं, पण विचारणार कोण? पुरुषांच्या मिशा आड येतात ना!

सरकारांनी स्वतः शिक्का फोडला, औषधाची हलवतात तशी बाटली खळखळा हलवली आणि भिवरा वाढपिणीला ओतायला दिली. पेल्यात काळा गाळ आला. जमलेले सगळे पेल्यात डोकावले. जुन्या पोर्टच्या तळाशी गाळ बसतोच. बाटली दिवसभर उभी ठेवून वरची नितळ तेवढी ओतायची असते. पण तिथं हे एकालाही माहीत नव्हतं.

सरकार उखडले. "सटवे, माती कालवलीस? कामावरून चालती हो!"

काम गेलं असतं तर भिवराची चूल विझली असती. तरी ती ठामपणे म्हणाली, "जाते की. पण सरकार, शिक्का शाबूत होता ना?"

"होता! मीच फोडला."

"मी तर सगळ्यांदेखत नुसती ओतली. मग माती एकतर व्याह्यांनी आणली, नाहीतर तुम्ही घातली. कुणाचं नाव घेऊ सांगा, म्हणजे निघते."

हंबीररावांच्या भुवया चढल्या. सरकारांनी घाईघाईनं पेला उचलला आणि गाळासकट रिचवला. दात करकरले.

"माती कसली? हाच तर खरा माल!"

"मग अजून घ्या की," भिवरा म्हणाली आणि बाटलीच्या तळाचा सगळा गाळ तिनं त्यांच्या पेल्यात ओतला.