वाघाने मागितलेलं अभय

फार पूर्वी, भिक्खू सोडून गेलेल्या एका लेण्यात वाघ राजा राहायचा. "प्रजेचं प्रेम आज आहे, उद्या नाही. भीती मात्र टिकते," असं प्रधान कोल्ह्याने त्याच्या मनावर बिंबवलं होतं. त्यामुळे "अभय असेल तर बोलतो," असं कुणी दरबारात म्हटलं, तरी वाघ अभय देईनासा झाला. सगळे गप्प बसू लागले. वाघाची मात्र झोप उडाली. पान हललं तरी तो दचकून उठायचा.

एका दुपारी लेण्यामागून वणवा आला. पाहिला सगळ्यांनी, पण तोंड उघडायची हिंमत कुणाला होईना. शेवटी म्हातारी वानरी झाडावरून ओरडली, "महाराज, आग! पळा!"

सगळे ओढ्यात उतरले आणि वाचले.

"न विचारता ओरडली ही! शिक्षा करा," चिंब भिजलेला कोल्हा म्हणाला.

वाघाने वानरीला विचारलं, "माझी भीती नाही वाटली?"

"वाटली की. पण माझ्यापेक्षा तुम्हीच जास्त घाबरलेले असता, रोज. दया आली."

वाघाने मान खाली घातली. "आजी, अभय असेल तर बोलतो."

"बोला."

"मी जरा झोपू का?"

"झोप, बाळा. मी जागी आहे."